परीक्षितची बार्ली

परीक्षित हार्ट अटॅकने अचानक गेला. आखातातल्या माहूजमधला फ्लॅट रिकामा करताना त्याची बायको श्रेया हिला मोड आणून भरडलेल्या बार्लीची पिशवी सापडली. घरी बिअर करायचं त्याच्या फार मनात होतं.

"टाकू नका, वहिनी. आपण करू," त्याचा मित्र सलील म्हणाला.

पातेल्यातल्या गरम पाण्यात त्यांनी बार्ली घातली. तासभर आच सांभाळायची होती. श्रेया ढवळत राहिली.

"तो असता तर मला हात लावू दिला नसता," म्हणत ती हसली आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच रडली. सलीलने गॅस मंद केला. मग रस गाळून, उकळून, गार झाल्यावर त्यांनी यीस्ट घातलं.

ती पुण्याला परतल्यावर महिन्याने सलीलचा फोन आला.

"आंबट झालीय, वहिनी."

"पिताय ना पण?"

"हो. सगळी पिणार."