पदराच्या काठाचा दोरा

लाल दोरा. बोटाच्या पेराएवढाच, पण पदराच्या काठाला पक्की गाठ मारून बांधलेला… बायको अक्कम्मा चुलीपुढे वाकली तेव्हा तो रेवणसिद्धाच्या नजरेला पडला आणि घास हातातच राहिला.

हा दोरा घरचा नव्हे. गिरणीत कापड तपासताना खोट सापडली की काठाला बांधायचा तो हा दोरा — आणि तो खिशात बाळगणारे खात्यात दोघेच. एक तो स्वतः, बारा वर्षं त्याच टेबलाशी उभा. दुसरा चनमल्लप्पा, चाळीत पलीकडच्याच खोलीत राहणारा. परवा तो ताक मागायला आला होता म्हणे. ताक? आंबट खाल्लं की ज्याचे सांधे धरतात, तो ताक मागतो?… आणि पदराला हात पोचेल इतका जवळ येऊन?

त्याने भाकरी उलटी केली, उजेडाकडे धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"कापड न्हाय ते, भाकरी हाय," अक्कम्मा म्हणाली. "खावा की."

हिचा आवाज इतका सरळ कसा? गुळगुळीत कापड तो नेहमी दोनदा बघत असे. आज गिरणीला सुटी होती, पण डोळ्यांना कुठली सुटी! ती नळावर गेली, उशिरा आली. शेजारणीशी हसली — कुणाला हसली? दुपारी ती जोंधळे पाखडायला बसली तेव्हा त्याला राहवेना.

"ह्यो दोरा कुणी बांधला?"

तिने सूप खाली ठेवलं. "तुमीच की. काल जेवताना."

"मी?"

"वीण चुकली म्हणता नि बांधता. मी सोडते, तुमी परत बांधता. पोरीच्या परकराला हाय, वाकळंलाबी हाय. मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

तो वाकला. दुहेरी, डावीकडे वळवलेली गाठ. चनमल्लप्पाला ही कधीच जमली नव्हती. चनमल्लप्पा सुटला, आता संशय घ्यायचा कुणाचा?… हे मी केलं, आणि मलाच कळलं नाही?

"सोडा की आता," तिने पदर पुढे धरला.

शरमेने त्याने गाठ सोडली. दोरा निघाला, तरी अंगठा काठावरून पुढे सरकत राहिला — पुरे, पुरे असं तो मनात म्हणत असतानाही — आणि वीतभर पुढे जाऊन अडला. तिथे एक धागा खरंच तुटलेला होता. त्याला बरं वाटलं. दिवसभरात पहिल्यांदा, अगदी आतून बरं वाटलं… आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली. त्याने मान वर केली नाही. अक्कम्मा त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.