ताशी अठ्ठावीस शर्ट

नवं वर्ष लागलं की सरकार किमान पगार वाढवायचं आणि कारखान्यातून काहीतरी नाहीसं व्हायचं. तीन वर्षांपूर्वी दुपारचा चहा गेला. पुढच्या वर्षी पगारामागे मालकाने भरायचा कर वाढला, तेव्हा कामगारांना आणणारी गाडी बंद झाली. यंदा पगार आणि कर दोन्ही एकदम वाढले, आणि इस्त्रीखात्यातल्या तेवीस बायकांनी ओळखलं की या खेपेला पाळी आपली आहे.

मॅनेजरला बायका पाठीमागे साखऱ्या म्हणत. नारळ देतानाही हा माणूस तोंडभर गोड बोलायचा. नोटीस लावून तो म्हणाला, "मालकांनी तरी कुठून आणायचं, सांगा बरं? म्हणून आपण न्यायाने जाऊ. एका बाईचं तासभराचं काम घड्याळ लावून मोजू. ती करेल तेवढे शर्ट सगळ्यांनी तासाला करायचे. आठवड्यात जिला जमणार नाही, तिच्यासाठी मला फार वाईट वाटेल." मग त्याने काकूंकडे बोट केलं.

काकू एकोणतीस वर्षं त्या खात्यात होत्या. त्यांच्या हातचा शर्ट तपासायला कोणी उलगडतही नसे. दोन टेबलं सोडून त्यांची सून उभी राहायची. दोन वर्षांपूर्वी वाफेने तिचं उजवं मनगट भाजलं, तेव्हापासून जिवाच्या आकांतानेही तिच्या हातून तासाला वीसच शर्ट व्हायचे. काकूंचा मुलगा कामासाठी म्हणून गेला तो परतलाच नव्हता. खोलीचं भाडं दोघींच्या पगारातून जायचं आणि एकीच्या पगारात ते निघणं शक्यच नव्हतं.

डब्याच्या सुट्टीत नळापाशी सगळ्यांचं ठरलं. काकूंनी अठरा करायचे. एकही जास्त नाही.

"आई, जमेल ना?" सुनेने विचारलं.

"हळू काम करायला काय अक्कल लागते?" काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आले. घड्याळ सुरू झालं. काकूंनी कॉलरवर इस्त्री दोनदा फिरवली, कफ पुन्हा ओला केला, बाहीची शिवण बोटाने उगाच चाचपली. पाव तासात चार शर्ट झाले. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

साखऱ्याने त्यातला एक उचलला, उजेडाकडे धरला आणि मालकांना म्हणाला, "एके काळी यांचा हात बघण्यासारखा होता, साहेब. आता कॉलरला चुणी राहते. वयाच्या मानाने ठीक आहे म्हणा."

चुणी नव्हती. काकूंना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. मालकांनी मात्र मान डोलावली, म्हाताऱ्या बैलाकडे बघून डोलवावी तशी. ती मान काकूंना झोंबली, नवरा वारला तेव्हा लोकांनी केलेल्या कुजबुजीपेक्षाही जास्त. त्यांनी ठरवलं, एकच शर्ट नीट दाखवायचा.

तो एक झाला आणि हात थांबेनात. कॉलर, खांदा, बाह्या, पाठ, पुढा, हँगर. कोणी खोकलं, कोणी पाय आपटला. सुनेने तर इस्त्रीच स्टँडवर आदळली. काकूंच्या कानापर्यंत काही पोचलं नाही. खरं सांगायचं तर कित्येक वर्षांत त्या इतक्या सुखात नव्हत्या.

घंटा झाली. अठ्ठावीस.

मालकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी घाम पुसत हसून वर पाहिलं आणि समोर सून दिसली. ती रडत नव्हती. दुसऱ्या हाताने नुसतं मनगट धरून उभी होती.

काकू धावत साखऱ्याच्या केबिनमध्ये गेल्या. "साहेब, रोज नाही हो जमत मला एवढं. चुकून झालं. पुन्हा घड्याळ लावा."

"चुकून अठ्ठावीस होतात होय?" त्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "काकू, पहिला पाव तास तुम्ही मुद्दाम रेंगाळलात. मला काय दिसत नाही? नंतरचा वेग धरला असता तर ताशी बत्तीस झाले असते. पण म्हटलं, जाऊ द्या, बायकांच्या पोटावर पाय नको. पुन्हा लावू म्हणता?"

काकू पाणी न पिता उठल्या.

आठवडाभर सून इस्त्रीवर तुटून पडली. एकवीस झाले, बावीस झाले, शनिवारी चोवीस झाले. त्या दिवशी तिचं मनगट इतकं सुजलं की बांगडी कापून काढावी लागली. संध्याकाळी साखऱ्याने अकरा जणींना हिशेबाची पाकिटं दिली, त्यांत सुनेलाही, आणि प्रत्येकीला तब्येत सांभाळायला सांगितलं. काकू स्वतः अठ्ठावीसवर कशाबशा टिकल्या होत्या. बायकांनी त्यांना शिवी दिली नाही, दोष दिला नाही. काकू नळावर आल्या की बाकीच्या बाजूला सरकायच्या, एवढंच.

सोमवारी त्यांना बोलावणं आलं. मालकांचे आणखी तीन कारखाने होते आणि पगाराचे आणि कराचे नवे दर तिथेही लागू झाले होते. "तिथल्या बायकांना जरा हात दाखवायचा," साखऱ्या म्हणाला. "एका कारखान्यात एक तास. उद्यापासून. गाडी येईल घ्यायला, वरचा भत्ताही देऊ."

घरी येऊन काकूंनी सुनेला सगळं सांगितलं. "मी नाही जाणार," त्या म्हणाल्या. "अजून किती जणींच्या अन्नात माती कालवू? आणि गेलेच, तर मुद्दाम दहाच करीन. बघू दे त्याला."

 मंगळवारी सकाळी सुनेने डाव्या हाताने काकूंचा डबा भरला. झाकण एका हाताने लागेना, म्हणून डबा पोटाशी दाबून बसवलं. खाली गाडीचा हॉर्न वाजला. काकू उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

सुनेने डबा त्यांच्या हातात ठेवला. "जा, आई," ती म्हणाली. "आणि हळू करू नका. तुम्हालाही काढलं तर आपण खायचं काय?"