पोटात गेलेली कड

"बाबा, दाबू नका," हे लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. मशीनचं उभं पातं फोमच्या ठोकळ्यातून सरकत होतं आणि बाबांचा डावा तळवा वरून ठोकळ्यात रुतला होता. हात थरथरू नये म्हणून हल्ली ते तो असा रेटून धरत.

फोम दाबून कापायचा नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हा ती या टेबलापेक्षा जेमतेम उंच होती. दाबला की फोम बाजूंनी फुगतो, पातं तो फुगवटा सरळ छाटतं, आणि हात काढला की कड मध्येच पोटात गेलेली. "लबाड माल आहे," बाबा म्हणायचे, "हाताखाली शहाण्यासारखा वागतो, सोडला की आपल्या वळणावर जातो."

आता त्यांच्याच कडा पोटात जात होत्या. ज्या हातांनी हे दुकान उभं केलं, त्यांना 'आता पुरे' म्हणायची हिंमत तिच्यात नव्हती. म्हणून तिने तोड काढली होती. बाबांना खूण करून देताना ती प्रत्येक बाजूला बोटभर जास्त ठेवी, आणि ते जेवायला घरी गेले की वाकडी कड छाटून माप बरोबर करी. छाटलेल्या पट्ट्या कोपऱ्यातल्या पोत्यात कोंबून टाकी. गिऱ्हाईक खूश, बाबा खूश. तिलाच तेवढं चोरी केल्यासारखं वाटायचं.

आज मात्र पंचाईत झाली. बैठकीचा हाच ठोकळा न्यायला संध्याकाळी येणारी आत्या भरदुपारी आपल्या चाकांच्या खुर्चीत बसून, स्वतःच चाकं ढकलत दारात हजर. जुन्या बैठकीने तिच्या कमरेखाली जखम झाली होती, ती आत्ता कुठे भरत आली होती. नवी बैठक नीट बसली नाही तर पुन्हा तेच दुखणं.

बाबांनी आत्याला बाकावर बसवलं, ठोकळा तसाच उचलला आणि खुर्चीत घालून पाहिला. तो खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये मावेना.

"दादा, माप माझं घेतलंस की हत्तीचं?" आत्या म्हणाली.

बाबांनी ठोकळ्यावरची खूण पाहिली, मग लेकीकडे पाहिलं.

"कापलंय तर खुणेवरच."

"माझंच चुकलं," लेक घाईने म्हणाली. "मापच चुकीचं टाकलं मी. देते लगेच छाटून."

"तू? मापात?"

तिचे कान तापले होते.

"अरे, राहू दे तिला," आत्या म्हणाली. "तोवर मला पाठीमागे घ्यायला एक उशी भरून दे. तुझ्याकडे काय, तुकड्यांना तोटा आहे का?"

बाबा रिकामा अभ्रा घेऊन कोपऱ्यात गेले. लेक एक पाऊल पुढे झाली, पण आता अडवायचं तरी काय सांगून? त्यांनी पोतं उपडं केलं. पट्ट्या बाहेर पडल्या. त्यांनी एक उचलली, उजेडात धरली. वरच्या आणि खालच्या कडेला जाड, मध्ये पातळ. दुसरी उचलली. तीही तशीच. बराच वेळ ते पट्ट्या उचलत राहिले.

"दादा, उशी भरतोयस की विणतोयस?"

"भरतो गं बाई. जरा धीर धर."

त्यांनी उशी गच्च भरली, शिवली, आत्याच्या पाठीमागे ठेवली. मग ठोकळा टेबलावर आणला आणि मशीनला वळसा घालून पलीकडे गेले, जिथे ती लहान असताना कापलेला माल ओढून घ्यायला उभी राहायची.

"ये. तू काप. मी इकडून घेतो."

"बाबा, मी..."

"पातं फिरतंय. बोलायचं नाही."

लेकीने ठोकळा पुढे सरकवला, हलक्या हाताने, न दाबता. डोळे भरून आले होते, तरी खुणेवरून नजर हलली नाही. पलीकडून बाबांनी माल दोन्ही हातांवर झेलला. हात थरथरत होते. त्यांनी ते लपवले नाहीत. कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. सरळ होती.

बैठक खुर्चीत चपखल बसली. आत्या तिच्यावर बसली आणि जरा डोळे मिटून राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता कसं!"

बाबांनी खाली पडलेली पट्टी उचलून खिशात घातली.

"उद्यापासून खूण बरोबर मापावर कर," ते लेकीला म्हणाले. "जास्तीचं ठेवू नकोस."