एकविसावा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पुस्तकात माझं हेच नाव आहे, पण पुस्तकाबाहेर मला या नावानं कुणीच हाक मारली नाही. पोरं मायक्रोस्कोप म्हणतात. डोमाजी मला 'आपलं यंत्र' म्हणायचे, आणि मला तेच आवडायचं.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारखान्यात माझी पितळी नळी कातली गेली, भिंगं घासली गेली, पायाला काळा रंग लागला. १९६४ साली गवतात गुंडाळून, खोक्यात बसून मी रेल्वेनं आदिलाबादेतल्या एका कॉलेजात आलो. वर्षभरात कारखान्यातलं खोकं वाळवी खाऊन गेली, म्हणून डोमाजींनी निर्मल गावच्या, खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून मला हलक्या लाकडाची नवी पेटी करवून आणली. त्या माणसाला विज्ञानाशी काही घेणं नव्हतं. त्यानं झाकणावर एक पोपट रंगवून दिला.

डोमाजी प्रयोगशाळेतले शिपाई. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक सुधाकरराव. आणि मी. पहिली नऊ वर्षं आमचा संसार बरा चालला. मी कांद्याची साल दाखवली, बेडकाचं रक्त दाखवलं. पुष्कळ पोरांनी माझ्यात स्वतःच्या पापण्यांचे केस पाहिले आणि 'अमीबा' म्हणून वहीत काढले. सुधाकररावांनी त्यांना गुणही दिले.

मग राही आली.

राही प्रयोगशाळेत निदर्शक म्हणून लागली. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच. तिची माय सखूबाई तलमडुगुकडे दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. राहीला पेशी पाहायचा नाद होता. सजीवांचं अंग ज्या बारीक बारीक खोल्यांचं बनलेलं असतं, त्या खोल्या म्हणजे पेशी. प्रत्येक पेशीत धाग्यासारखे तुकडे असतात, त्यांना गुणसूत्रं म्हणतात. ज्वारीच्या पेशीत ती वीस असतात. एका पेशीच्या दोन पेशी व्हायची वेळ आली की ती जाड होतात, आणि रंग दिला तर मोजता येतात.

सखूबाईनं गाडग्यात राखेत घालून ठेवलेली तलमडुगुची पिवळी ज्वारी राहीनं आणली. ओल्या फडक्यात दाणे रुजवायचे, मुळाचं टोक कापायचं, लाल रंगात बुडवायचं, काचेवर ठेवून अंगठ्यानं दाबायचं, आणि मग माझ्याखाली. तिच्या अंगठ्याचा लाल डाग सहा महिने गेला नाही.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो. तशी ती कुणा एकाची नव्हे.

माझ्याकडे डोळा लावायची, आलटून-पालटून बसवायची दोन नळकांडी होती. त्यांना आयपीस म्हणतात. एक साधं. दुसऱ्यात मोजमापासाठी एक काचेची चकती बसवलेली, तिच्यावर बारीक पट्टी. राही पेशी शोधायची साध्या आयपीसमधून. चांगली पेशी सापडली की चकतीवाली आयपीस घालायची, पट्टीच्या बरोब्बर शेजारी पेशी बसवायची आणि मग काचेला हात लावायचा नाही. असा तिचा नेम. चांगल्या माणसाचे नेमही चांगलेच असतील असं मला तेव्हा वाटायचं.

१९७३ चा दसरा. राही त्या दिवशी कॉलेजात नव्हती. तिच्या वस्तीतले लोक पांढरे कपडे घालून बुद्धवंदनेला जमायचे, ती तिकडे गेली होती. इकडे डोमाजींनी सगळ्या उपकरणांची पूजा मांडली. तराजूला हळद-कुंकू, स्टोव्हला हळद-कुंकू. मला तर त्यांनी चकतीवाली आयपीस उघडून, तेलाच्या बोटानं पुसून, आत-बाहेर चकचकीत केलं आणि कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. माझं कपाळ म्हणजे आयपीसची वरची कड. कुंकवाचा एक कण आत गेला आणि चकतीवर जाऊन बसला.

मला कळलं होतं. पण मित्रांनो, मला डोळा आहे, तोंड नाही.

दिवाळीनंतर राहीनं मोजायला सुरुवात केली. एकवीस. दुसरी पेशी, एकवीस. चाळीस पेशी मोजल्या, प्रत्येकीत वीस गुणसूत्रं आणि उजवीकडे एक इवलासा गडद तुकडा. पेन्सिल ठेवून ती अंगणात जाऊन उभी राहिली. सुधाकरराव आले, हात पाठीमागे बांधून वाकले आणि मोजलं.

"एकवीसच आहेत की, राहीबाई!" ते म्हणाले. "पेरणीच्या ज्वारीत असला जादा तुकडा असल्याचं मी तरी वाचलेलं नाही."

दोघांच्या नावानं निबंध झाला, हैदराबादच्या परिषदेत वाचायला मंजूर झाला. त्याच परिषदेत संशोधनासाठी एका मुलीची निवड व्हायची होती. सुधाकररावांनी राहीचं नाव पाठवलं होतं. ती जागा मिळाली तर तिला पाच वर्षं फक्त पेशी पाहायच्या होत्या. नाही मिळाली तर आमच्याच प्रयोगशाळेत पोरांच्या वहीतले पापण्यांचे केस.

निघायला चार दिवस होते तेव्हा सखूबाई भेटायला आली. डोक्यावर गाठोडं, पाय धुळीनं भरलेले. दारातच थांबली.

"या ना, सखूबाई," डोमाजी म्हणाले. "तुमची पोरगी आता हैदराबाद जिंकून राह्यली."

"ते समदं ठीक हाये, पण थे पाह्यते काय दिवसभर? घरी आली का डोळे चोळते. मले दाखव तं."

राहीनं काच आधीच लावून ठेवली होती. चकतीवाली आयपीस, पट्टीशेजारी पेशी, सगळं जागच्या जागी. "माय, डोळा लाव. पण हात नको लावू कुठीच."

सखूबाईनं डोळा लावला आणि आधारासाठी दोन्ही हातांनी मलाच धरलं. काच सरकली.

"अवं बाई! पळून राह्यले थे!"

"माय, म्हटलं ना हात लावू नको!"

"नाही लावत, चिल्लाऊ नको." पण तिचं बोट आता माझ्या खुंटीवर होतं. ती मुद्दाम काच इकडे सरकवायला लागली, तिकडे सरकवायला लागली. जन्मभर सुपात धान्य हलवून खडा शोधलेली बाई ती. एकदा परत मागं सरकवली. मग म्हणाली, "राहे, हा एक काऊन नाही हालत?"

"कोणता?"

"हा बारका. बाकीचे समदे इकडून तिकडं जाऊन राह्यले, हा आपला बसला तिथंच. तुह्या ज्वारीतला नाही वाटत हा. खडा हाये."

राहीनं मायला बाजूला केलं. खुंटी फिरवली. पेशी गेली, दुसरी आली, तीही गेली. ठिपका जागीच. मग तिनं काचेला न शिवता माझी आयपीस बोटांत धरून हळूच फिरवली. पेशी तशाच राहिल्या. ठिपका मात्र गोल फिरला, जशी आयपीस फिरली तसा.

तिनं आयपीस उघडली. सुईच्या टोकानं तो कण काढून कोऱ्या काचेवर ठेवला. लाल होता. डोमाजींनी वाकून पाहिलं आणि कुंकू ओळखलं.

"माह्याच हातानं झालं, राहीबाई," ते म्हणाले. "मी तं चांगल्यासाठी केलं होतं."

"मामा, राहू द्या." तिचा आवाज कोरडा होता. "कुंकू तुमी लावलं. पण चाळीस वेळा मोजलं तं मीच ना?"

सुधाकरराव आले, त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "हे बघ," ते म्हणाले, "आत्ता निबंध वाचून घे. निवड होऊ दे. सुधारणा नंतर कळवता येते. माझंही नाव आहे त्याच्यावर. मी काही वाईट सांगत नाही."

ते खरंच वाईट माणूस नव्हते. सखूबाईला यातलं अर्धंच समजलं होतं, पण नको ते आपण बोललो एवढं तिला कळलं. "मी आल्यानं बिघडलं का वं काही?" तिनं विचारलं.

"नाही, माय," राही म्हणाली. मग सुधाकररावांकडे वळली. "सर, मले ती जागा पाहिजे. लई पाहिजे. पण आता मले वीसच दिसतात. एकवीस कशी वाचू?"

ती हैदराबादला गेली. जाताना मला पेटीत घालून नेलं, आणि तो कण काचेवर चिकटवून, त्यावर 'एकविसावा' अशी चिठ्ठी लावून सोबत घेतला. तिनं निबंध वाचलाच नाही. आपण एकवीस कशी मोजली, ते सांगितलं. लोक हसले. मी टेबलावर होतो, माझ्या पेटीवरच्या पोपटाकडे बोट करूनही हसले. मायचं नाव घेऊन तिनं सांगितलं, आणि आयपीस फिरवून दाखवली. निवड दुसऱ्या मुलीची झाली.

परतीच्या गाडीत तिनं मला मांडीवर घेतलं होतं. ती रडली का, ते मी सांगणार नाही.

पण उन्हाळ्यात एक पत्र आलं. हसणाऱ्यांतलेच एक म्हातारे प्राध्यापक होते, अमृतराव. त्यांनी लिहिलं होतं, "घरी गेल्यावर गंमत म्हणून मी माझी आयपीस फिरवली. माझ्या अकरा वर्षांच्या चित्रांतला एक ठिपका तिच्याबरोबर फिरला. तू माझ्याकडे काम करायला येशील का?"

त्यानंतर राही माझी राहिली नाही. हैदराबादला तिला माझ्यापेक्षा मोठी, विजेवर चालणारी यंत्रं मिळाली. कापसाच्या मुळातल्या पेशी उन्हाच्या तडाख्यात वाढायच्या कशा थांबतात आणि गारव्यात पुन्हा कशा सुरू होतात, यावर तिनं सव्वीस वर्षं काम केलं. तिच्या हाताखालून मुलं शिकून गेली, त्यांच्या हाताखालून आणखी. तिच्या प्रत्येक निबंधात, कामाची रीत सांगताना, एक ओळ असायची: 'प्रत्येक नोंद आयपीस फिरवून तपासली.' ती ओळ दुसऱ्यांच्या निबंधांत गेली, तिसऱ्यांच्यात गेली, आणि हळूहळू कुणाची होती ते विसरलं गेलं. यातलं बरंचसं मला डोमाजी सांगायचे. राहीची पत्रं ते सुधाकररावांकडून वाचून घेत आणि मला पुसता पुसता सांगत. दसऱ्याला ते कुंकू आता माझ्या पेटीला लावायचे, पोपटाच्या डोक्यावर. कुंकवाचे थर चढून पोपटाला तुरा आला होता.

डोमाजी निवृत्त झाले, मग गेले. नवी यंत्रं आली. मी कपाटावर, तुटक्या स्टुलाशेजारी, बारा वर्षं काढली. झाकण उघडं राहिलं, भिंगाला बुरशी धरली. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कुणी काही पाहिलंच नाही माझ्यातून.

पुढं जुनं सामान शाळांना वाटलं तेव्हा मी शेजारच्या मावला गावातल्या एका शाळेत आलो. तिथल्या चंपाबाई मास्तरीणबाईंनी माझी बुरशी काढली. परवा त्यांनी कांद्याची साल लावली आणि पोरांची रांग केली. पहिलीच मुलगी डोळा लावून ओरडली, "बाई, काळं काळं काही हाये याच्यात!"

"आधी ही आयपीस फिरव," चंपाबाई म्हणाल्या. "थे बी फिरते का पाह्य."

"काऊन, बाई?"

"आमच्या बाईंनी सांगितलं होतं."

"त्यायले कोणी सांगितलं?"

"आता ते मले नाही माहीत," चंपाबाई म्हणाल्या. "कोण्या तरी हुशार माणसानं सांगितलं असंन."

मुलीनं आयपीस फिरवली. माझ्या पेटीच्या कोपऱ्यात 'एकविसावा' चिठ्ठीची काच अजून पडून आहे, आणि मला तोंड असतं तर तेव्हाच मी म्हणालो असतो, "सखूबाईनं."

म्हणून मित्रांनो, हे सगळं सांगितलं. मला मऊ, कोरड्या फडक्यानं पुसा. काम झालं की झाकण लावा. आणि मी दाखवतो ते खरं मानायच्या आधी मला एकदा फिरवून पाहा. डोमाजी असते तर तेही म्हणाले असते, दसऱ्याला एवढी पूजा पुरे.