मधली सुट्टी

निशिगंधा चावते, एवढंच शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिसरीतली काडीसारखी पोर. ब्रेक झाला की बाकाखाली घुसायची आणि ओढून काढणाऱ्याच्या हाताला चावायची. त्या दिवशी तिनं वर्गातल्या पुनमच्या मनगटावर दात उमटवले. पुनमचे वडील शाळेत येऊन गरजून गेले आणि मुख्याध्यापक आदिनाथ सरांनी मला, तिच्या वर्गशिक्षिकेला, सांगितलं, आईला बोलवा, दाखला देऊन टाकू. माझं डोकंच फिरलं. आईबाप दोघं कंपनीत, आमच्या कुरुळी गावात जवळ दुसरी शाळा नाही. दाखला दिला की पोर घरी बसणार, हे सरांनाही कळत होतं.

गेल्या वर्षी ती चावत नव्हती, मी म्हणाले. मुलं बिघडतात, सर म्हणाले.

तिची आई कस्तुरा पहिली शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आली. निशिगंधा तिच्या ओढणीला धरून उभी. घरी काही झालंय का, मी विचारलं. कस्तुरा मान खाली घालून म्हणाली, "बाई, ह्यांला ब्रेक दिला की मंग घरात..."

पुढचं ऐकायला निशिगंधा तिथं नव्हती. ती सरांच्या टेबलाखाली होती, दोन्ही हात डोक्यावर.

कंत्राटी कामगाराला काही महिन्यांनी कंपनी घरी बसवते, परत घेईलच असं नाही; त्याला इकडे ब्रेक म्हणतात. त्या दिवशी कस्तुराचा नवरा पिऊन येतो आणि हाताला लागेल त्यानं मारतो. पोर खाटेखाली लपते, तो पाय धरून ओढतो. आणि जूनमध्ये आमची शाळा सेमी-इंग्रजी झाली, तेव्हा आम्ही हौसेनं मधल्या सुट्टीचा ब्रेक केला. रोज तोच शब्द तिच्या कानावर घालत होतो, वर ओढतही होतो. मला स्वतःचाच भयंकर राग आला.

"दाखला राहू द्या सर, शब्द बदला," मी म्हणाले. वेळापत्रक छापून झालंय, एका मुलीसाठी शाळा बदलत नाही, असं ते म्हणाले. मग माझ्या वर्गापुरता मी बदलते, असं सांगून मी उठले. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार द्यायला मी सोबत येईन, हे कस्तुराला बाहेर नेऊन बजावलं.

दुसऱ्या दिवशी बेल झाली. "मधली सुट्टी," मी म्हणाले. निशिगंधा तरीही बाकाखाली गेली. एका शब्दानं भीती जाते थोडीच. कुणीही ओढायचं नाही, अशी मी वर्गाला आधीच ताकीद दिली होती. साडी सावरत मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि डबा उघडला. माझी अर्धी पोळी संपली तेव्हा कुठे तिनं तोंड उघडलं.

"बाई, मधल्या सुट्टीनंतर परत घेतात ना?"

उत्तर दारातून आलं. आदिनाथ सर कधीपासून तिथं उभे होते कोण जाणे.

"घेतात," ते म्हणाले. "रोज घेतात."