आडोशाचा पत्रा

धम्मपालने माऊस दाबला आणि पडद्यावरचं चित्र थांबवलं.

अंबडच्या एका फाउंड्रीची फिल्म होती ती. भट्टीतून लोखंडाचा रस ओतताना मोठी पंचाईत. कॅमेरा रसापुरता धरावा तर माणसं काळीठिक्कर, माणसांपुरता उघडावा तर रसाचा नुसता पांढरा भडका. म्हणून पठ्ठ्याने एकाच स्टँडवर दोन कॅमेरे शेजारी बांधले, एक कमी उजेड घेणारा, मिटल्यासारखा, दुसरा सताड उघडा. आता रस पहिल्यातला आणि माणसं दुसऱ्यातली घेऊन कॉम्प्युटरवर एकच चित्र जुळवणं चाललं होतं. २००४ सालचा कॉम्प्युटर तो. मिनिटभराच्या कामाला अर्धा दिवस खायचा.

पण शूटिंग चालू असतानाच रस उडाला आणि भट्टीवर काम करणाऱ्या जयरामचा उजवा पाय घोट्यापासून गेला. उडणारा रस अडवायला लावतात तो आडोशाचा पत्रा जागेवर नव्हता. तो जयरामनेच सरकवला, असं कंपनी म्हणत होती. उद्या चौकशी, ठपका बसला की नोकरी गेलीच. एका टेपमध्ये तो कोपरा काळा होता, दुसरीत भडक्यापुढे काही उमगत नव्हतं. "दोन्ही जुळवतो नि कोणी सरकवला ते काढतोच शोधून," असं धम्मपालने जयरामच्या आईला, भिमाबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. त्या सकाळपासून स्टुडिओबाहेरच्या बाकावर बसून होत्या.

आणि सापडला की. फ्रेमच्या कडेने एक हात येतो, पत्रा धरतो, बाजूला ओढतो. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला.

धम्मपालने आपलं मनगट मांडीखाली दाबलं.

लग्नाच्या मांडवात शूटिंग करताना खुर्च्या, कूलर, प्रसंगी नवरीची आत्यासुद्धा फ्रेमबाहेर सरकवायची सवय हाताला जडलेली. तो हात केव्हा गेला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. आणि दोन महिने हाच बाबा जयरामसाठी हळहळत हिंडत होता.

वाट तशी सोपी होती. तेवढा कोपरा मिटलेल्या कॅमेऱ्यातला घ्यायचा, बस्स. त्याने घेतलाही. कोपरा काळा झाला, चित्र छान दिसत होतं. मग त्याने कोपरा पुन्हा उजळला आणि भिमाबाईंना आत बोलावलं.

पदराने चष्मा पुसत त्यांनी पाहिलं.

"हा माझ्या जयरामचा हात नाय. तो तर तिकडं उभा हाय," त्या म्हणाल्या आणि धम्मपालच्या डोक्यावरून हात फिरवला. मग कोणाचा, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

"मावशी, हात माझा आहे. उद्या मीच सांगतो तिथं."

त्यांचा हात खाली आला. त्या पडद्याकडे वळल्या. आता शिव्या देतील, त्याला वाटलं, द्यायलाच हव्यात.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "जयराम चालत येतो ना, तिथून."