उलटं फिरवलेलं जातं

“टपालवाल्या, उलटं फिरवतोयस! सूर्य जातो तसं फिरव!”

“आजीबाई, मी आज या जत्रेत वायकिंग आहे. आम्हाला उलटं-सुलटं नसतं.”

“वायकिंग म्हणे! काल माझं पत्र शेजारणीच्या दारात टाकलंस, आणि आज निघालायस आयर्लंड लुटायला!”

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललं होतं. मी एक जुनं जातं आहे, आणि माझं डोकं अस्सं तापलं होतं! मला तोंड आहे, पण ते फक्त दाणे गिळायला. बोलायची सोय नाही.

आज माझी परीक्षा होती. जुना काळ उभा करणाऱ्या या जत्रेच्या मंडळींनी बजावलेलं, पीठ पडलं तर जातं केल्टिक खोपटात, म्हणजे जुन्या आयरिश घराच्या देखाव्यात राहील. नाहीतर परत या भांडणाऱ्या नूलाआजीच्या अंगणात. आणि तिथं मी तीस वर्षं काय होतो, माहितीये? कुंडी! आजीच्या पणजीनं माझ्यावर अख्ख्या घराचं दळण दळलं. मग गावात गिरणी आली, माझा खुंटा मोडला, मी बरीच वर्षं नुसता पडून राहिलो, आणि शेवटी कुणीतरी माझ्या तोंडात माती भरून जांभळी फुलं लावली. लोक म्हणायचे, “किती गोड!” गोड कसलं? मुळं घशात गेली होती.

जत्रेसाठी आजीनं ती माती खरवडून काढली, नवा खुंटा ठोकला आणि मला या वनोद्यानात आणलं. आणि आता तो टपालवाला जार्लाथ, दाढीला चिकटवलेल्या वेण्या सांभाळत, मला गरागरा फिरवत होता. पीठ? कणसुद्धा नाही.

“संपलंय हे,” तो म्हणाला. “फुलंच लावा.”

आजीनं त्याला ढकललं, खुंटा धरला आणि सूर्याच्या वाटेनं फिरवला. आधी नुसती घरघर. मग कडेनं ओटचं पीठ झरझर! ज्या पाथरवटानं मला घडवलं, त्यानं टाकीच तशी लावलीय, आतल्या खाचा एकाच बाजूला वळवून. उलटं फिरलं की दाणे आतच घुटमळतात. रीत उगीच नव्हती.

जार्लाथनं चिमूटभर पीठ नाकाशी नेलं. “आजी, पत्र चुकलं, हेही चुकलं.”

“पत्र माझ्या बहिणीचं होतं, मेल्या. भाकरी भाजली की खायला ये.”

हुश्श! मित्रांनो, या जत्रेनं माझ्या तोंडातली माती काढली, हे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या घरात एखादी वस्तू अडली, तर ‘संपली’ म्हणण्याआधी ती कुठल्या बाजूनं फिरते ते जुन्या माणसाला विचारा. आणि कृपा करून कुणाच्या तोंडात फुलं...

थांबा, जत्रेतले बाकीचे वायकिंग मला थोडा वेळ त्यांच्या तळावर पळवून न्यायला आलेत. या वेळी विचारून आलेत, त्यांनाही भाकऱ्या हव्यात. चला, जातं आता जातं!